शनवार तेल्यांचं पंचांग

इस्रायलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा रविवार हरवला.

डॉक्टरेटसाठी बेअर शेव्याला येऊन चार दिवस झाले होते. रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळावं, मग निवांत पोहे करावेत असा बेत होता. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला: कुठे आहेस, आठवडा सुरू झाला! इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि रविवार हा कामाचा पहिला वार. 'पहिला' हे वर्णन नाही बरं का, ते त्याचं नावच आहे. हिब्रूत रविवारला म्हणतात योम रिशोन, म्हणजे पहिला दिवस. सोमवार म्हणजे योम शेनी, दुसरा दिवस. असं सहापर्यंत मोजत जायचं. सातव्याला मात्र नाव आहे: शब्बात. आपल्या आठवड्यात सात ग्रहांची पंगत बसलेली असते आणि ज्याला त्याला आपापला मान असतो. इथे सहा दिवसांना नुसते रोल नंबर आणि सगळा मान एकट्या शनिवारला.

आपल्याकडे शनिवार म्हटला की मारुतीला तेल आणि पोटात थोडी धाकधूक. शनिवार आणि तेल यांचा आणखी एक संबंध आहे, आणि तो थेट आपल्या अलिबागचा आहे. त्याच्याकडे येतोच. पण आधी दुसऱ्या एका दिवसाबद्दल.

त्याच वर्षी पहिला योम किप्पूर आला. हा ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. सूर्यास्ताच्या आधीपासून दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पायात चामड्याचं काही नाही. मला कुणी सांगितलं होतं, पण 'सगळं बंद असतं' म्हणजे किती बंद असतं याची कल्पना नव्हती. दुपारपासून दुकानं मिटली, बस थांबल्या, टीव्ही आणि रेडिओ गप्प झाले, विमानतळ बंद झाला. संध्याकाळी रस्त्यावर एकही गाडी नाही. हमरस्त्याच्या मधोमध पोरं सायकली फिरवताहेत आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं चालत प्रार्थनेला निघाली आहेत. मुंबईतला कडकडीत बंद मी पाहिला आहे, त्यात भीती असते. इथल्या शांततेत भीती नव्हती. (माझ्या फ्रिजमध्ये मात्र दोन अंडी आणि अर्धा कांदा होता, त्यामुळे माझाही निम्मा उपास घडलाच.)

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. तोवर आमचं बोलणं 'शालोम'पलीकडे गेलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "कुठचा रे तू?"

मी उडालोच. आजी अलिबागकडच्या, बेने इस्रायल. साठच्या दशकात लग्न होऊन इकडे आलेल्या. त्यांनी घरात बोलावलं, समोर खायला ठेवलं आणि म्हणाल्या, "योम किप्पूर हे नाव आम्ही पुस्तकातून शिकलो. माझी आजी म्हणायची, आज दारफळणी." मग थोडं थांबून, "आणि उद्या शिळा सण."

तो शब्द डोक्यात घर करून बसला. पुढची काही वर्षं मी फावल्या वेळात या पंचांगाच्या मागे लागलो. इंजिनियर माणूस, त्यामुळे शिरलो ते यंत्राच्या दारातून. अध्यात्म वगैरे नंतर आलं.

तर यंत्र असं आहे. आपल्यासारखंच ज्यूंचंही पंचांग चांद्र-सौर. महिने चंद्राचे, ऋतू सूर्याचे, आणि दोघांचा मेळ घालायला अधिक महिना. आपण हा महिना संक्रांतीच्या हिशोबाने वर्षात वेगवेगळ्या ठिकाणी घालतो, ते मात्र नेहमी अदार महिनाच दोनदा घेतात. एकोणीस वर्षांत सात वेळा. वर्षाच्या आकड्याला १९ ने भागायचं, बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा शून्य आली की ते वर्ष तेरा महिन्यांचं. कुठलंही कोष्टक न उघडता शेजाऱ्याला सांगता येतं आणि भाव खाता येतो.

आता दोन्हीकडे चंद्र तोच, त्यामुळे गंमत होते. त्यांचं वर्ष सुरू होतं तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला, आपली घटस्थापना आश्विन प्रतिपदेला. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला आले. योम किप्पूर म्हणजे तिश्रीची दशमी, आणि त्या वर्षी १२ ऑक्टोबरला इकडे उपास आणि तिकडे दसरा! आपली कोजागिरी होती त्याच संध्याकाळी त्यांचा मांडवांचा सण, सुक्कोत, सुरू झाला. पुरीम हा त्यांचा सोंगं काढण्याचा आणि दंगा करण्याचा सण अदारच्या पौर्णिमेच्या सुमारास येतो. २०२४ साली तो होळीच्याच दिवशी, २४ मार्चला होता. दरवर्षी असं जुळत नाही. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि दसरा गेला २४ ऑक्टोबरला. त्यांचा जादा महिना अजून यायचा होता, म्हणून योम किप्पूर २५ सप्टेंबरलाच होऊन गेला. पुढच्या वसंतात त्यांनी दुसरा अदार घातला आणि दोन्ही गाड्या पुन्हा एका रुळावर आल्या. यात गूढ काही नाही, गणित आहे. पण आजींना हे दाखवलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. त्यांना ते गणिताशिवायच ठाऊक होतं.

आकड्यांचं आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यू पंचांगात तासाचे १०८० भाग करतात, एकेक भाग ३ पूर्णांक १/३ सेकंदांचा. चांद्रमास धरला आहे २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा, म्हणजे २९.५३०५९४ दिवस. आर्यभटाच्या आकड्यांवरून येतो २९.५३०५८२. आजचं मोजमाप या दोघांच्या मधोमध, २९.५३०५८९ च्या आसपास. दुर्बीण नाही, घड्याळ नाही, आणि महिन्याला चूक एका सेकंदाहूनही कमी! शतकानुशतकं ग्रहणांच्या नोंदी ठेवल्या की सरासरी अशी बारीक होत जाते.

इतका अचूक आकडा हाताशी असताना पंचांग गणितावर सोपवून मोकळं व्हावं ना? पण तसं झालं नाही, आणि इथूनच हा विषय मला खरा आवडायला लागला.

जेरुसलेमचं मंदिर उभं होतं त्या काळी महिना सुरू व्हायचा तो साक्षीदाराच्या तोंडून. कोवळी कोर दिसली की ज्यांनी पाहिली त्यांनी जेरुसलेमला येऊन न्यायसभेपुढे साक्ष द्यायची. इ. स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात हे सगळं तपशिलाने आलं आहे. साक्षीदार जमायचे ते अंगण, त्यांनी पुन्हा यावं म्हणून त्यांना दिली जाणारी मेजवानी, सगळं. रब्बान गम्लिएल नावाच्या प्रमुखाने आपल्या माडीवर चंद्राच्या आकृत्या लावून ठेवल्या होत्या. साध्याभोळ्या माणसाला विचारायचं, तुला दिसली ती अशी होती की अशी? साक्ष पटली की सभा जाहीर करणार, महिना पवित्र झाला. मग ऑलिव्ह डोंगरावर आग पेटवायची. ती दिसली की पुढच्या डोंगरावर, तिथून पुढच्या, अशी बातमी पार बाबिलोनच्या वाटेला लागायची. पुढे शोमरोनी लोकांनी खोट्या आगी पेटवून घोटाळा केला, तेव्हा जासूद धाडायला सुरुवात झाली. जासूद पायी जाणार. लांबच्या गावांना सण येऊन ठेपला तरी महिना नक्की कधी लागला ते कळायचं नाही. म्हणून परदेशी राहणारे ज्यू सण दोन दिवस पाळू लागले, एखादा तरी बरोबर असेल! संदेश पोचायला लागणारा वेळ ही आमच्या धंद्यातली रोजची डोकेदुखी आहे, पण तिच्यापायी सणाला एक दिवस जोडला गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आज फोन आहेत, गणित आहे, शंका काहीच नाही, तरी इस्रायलबाहेरचे सनातनी ज्यू दुसरा दिवस पाळतातच. वाडवडिलांची अनिश्चितताही त्यांनी जपून ठेवली आहे.

मिश्नातली एक हकीकत मी इथल्या मित्रांकडून निदान तीनदा ऐकली, आणि प्रत्येकाने ती वेगळ्या कारणासाठी सांगितली. दोन साक्षीदार आले आणि कोर दिसल्याचं सांगून गेले. पण दुसऱ्या रात्री, जेव्हा ती ठळक दिसायला हवी, तेव्हा आकाशात काहीच नाही. तरी गम्लिएलने साक्ष मान्य केली. काही विद्वान बिथरले. रब्बी यहोशुआ हा मोठा जाणकार, त्यालाही साक्ष खोटी वाटली. मग गम्लिएलने त्याला हुकूम पाठवला: तुझ्या हिशोबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे तुझा पवित्र दिवस तुझ्याच हाताने मोड. यहोशुआ कासावीस झाला. तेव्हा रब्बी अकीवाने त्याची समजूत घातली, की सभेने जाहीर केलेला सण तोच सण, वेळेवर असो वा नसो. यहोशुआ काठी आणि पैसे घेऊन गेला. गम्लिएल उठला, त्याने त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं, आणि त्याला आपला गुरूही म्हटलं आणि शिष्यही. ज्ञानात गुरू, आणि ऐकलं म्हणून शिष्य.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला या गोष्टीचा रागच आला होता. आकाशात दिसतं ते खरं की सभेत ठरतं ते? संशोधनात असं चाललं असतं तर झालंच मग! पण गोष्ट जिथे घडते तो काळ पाहा. इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी मंदिर जाळलं आहे, जेरुसलेम गेलं आहे. उरलेली माणसं याव्ने नावाच्या गावी बसून विचार करताहेत की आता आपल्याला एकत्र बांधणारं काय शिल्लक आहे. देऊळ नाही, राजा नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी उपाशी राहायचं, एवढंच हातात आहे. त्यात दोन योम किप्पूर झाले तर मग काहीच उरत नाही. यहोशुआचं गणित बरोबर असूनही तो गेला, कारण त्यालाही हे दिसत होतं.

याच्याही मागे एक जुनी गोष्ट आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटण्याच्या आधी, अजून मिसरमध्येच असताना, साऱ्या समाजासाठी म्हणून त्यांना पहिली आज्ञा मिळते ती पंचांगाची: हा महिना तुमचा पहिला महिना. अकराव्या शतकात तोरावर प्रसिद्ध टीका लिहिणारा राशी तर सुरुवातीलाच विचारतो, की ग्रंथ या आज्ञेपासूनच का सुरू केला नाही? ज्यू विचारवंत याचा अर्थ असा लावतात की गुलामाकडे स्वतःचा वेळ नसतो. केव्हा उठायचं, केव्हा थांबायचं, हे धनी ठरवतो. ज्याला आपला महिना आपण ठरवता येतो तो सुटला. शनिवार देवाने ठरवलेला, तो आपोआप सात दिवसांनी येतो, माणसाचं त्यात काही चालत नाही. सण मात्र माणसांनी महिना जाहीर केल्यावाचून येत नाहीत. देव आपले सण माणसाच्या हाती सोपवतो आणि मग तो हात चुकला तरी मान्य करतो, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

चौथ्या शतकात साक्षीदारांची पद्धत बंद पडत गेली. परंपरा सांगते की दुसऱ्या हिल्लेलने ३५८-५९ च्या सुमारास गणिताचे नियम उघड केले. अभ्यासक म्हणतात की एका माणसाने एका दिवसात नाही, शतकानुशतकं हे घडत गेलं. नियमही पाहण्यासारखे आहेत. वर्षारंभ रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही, येत असेल तर पुढे ढकलायचा. बुधवार-शुक्रवार टाळण्याचं कारण काय, तर योम किप्पूर शुक्रवारी किंवा रविवारी आला तर शनिवारला लागून सलग दोन दिवस काहीच करता येणार नाही. तालमूदमध्ये कारण दिलं आहे: भाजी सुकेल, आणि कुणी मेलं तर मढं पडून राहील. ज्या धर्माला विश्वाच्या उत्पत्तीपासून काळ मोजायचा आहे, त्याच्या मुख्य सणाची तारीख भाजीवरून हलते! असं काही वाचलं की मला त्या लोकांबद्दल जिव्हाळा वाटतो.

भांडणं अर्थात संपली नाहीत. ९२१-२२ साली पॅलेस्टाइनचा बेन मेईर आणि बाबिलोनकडचा सादिया गाओन यांची जुंपली. वाद होता ६४२ भागांचा, म्हणजे सुमारे ३६ मिनिटांचा. पण त्यापायी ९२२ सालचा वल्हांडण सण काहींनी रविवारी धरला, काहींनी मंगळवारी. (टिळक पंचांगवाल्यांचे गणपती काही वर्षी महिनाभर आधी येऊन जातात. आपण त्यावर चार विनोद करून मोदक खातो, तिथे पत्रांमधून आग पाखडली गेली.) शेवटी सादियाची बाजू टिकली.

आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. १९४१ साल. लिथुआनियातून निसटलेले, धर्मशाळांतले विद्यार्थी आणि त्यांचे गुरू जपानच्या कोबे शहरात येऊन पोचले होते. तिथे त्यांच्यापुढे प्रश्न पडला की वाररेषा कुठून जाते? इथला शनिवार तो आपला शनिवार की नाही? पाठोपाठ योम किप्पूर आला. जेरुसलेमला तार गेली. तिथल्या मंडळींनी उत्तर दिलं, बुधवारी उपास धरा. हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थोर पंडिताने कळवलं, बुधवारी जेवा आणि गुरुवारी धरा. काहींनी दोन्ही दिवस उपास केला. मागे घरं उद्ध्वस्त होत होती, माणसं मारली जात होती, उद्या आपण कुठे असू याचा पत्ता नाही, आणि चिंता कसली तर दिवस चुकायला नको. छळछावण्यांतही लोकांनी आठवणीतून, चोरून मिळवलेल्या कागदावर पंचांगं लिहिली. अ‍ॅलन रोझेन यांनी त्यांच्यावर २०१९ साली एक सबंध पुस्तक लिहिलं आहे. वाचताना मध्येच पुस्तक मिटावं लागतं.

अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ साली शब्बातवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की या धर्माने आपली देवळं जागेत नाही, काळात बांधली. जागा शत्रूला जाळता येते, शुक्रवारची संध्याकाळ जाळता येत नाही. हे जरा काव्यमय झालं, पण सणांकडे पाहिलं की पटतं. वल्हांडण मुळात जवाच्या कापणीचा, शावुओत गव्हाचा, सुक्कोत सुगीचा. देश गेला, शेतं गेली, तरी पोलंडच्या थंडीत बसून हे लोक पॅलेस्टाइनच्या पावसाच्या हिशोबाने पावसाची प्रार्थना करत राहिले. आपल्या अंगणातला ऋतू वेगळा आणि पंचांगातला वेगळा. परदेशी राहणाऱ्या कुणालाही हे कळेल. इथे जून महिन्यात टळटळीत ऊन असतं, आणि तरी मला मृग लागला की दप्तर-छत्रीच आठवते.

म्हणून आता अलिबाग.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. केव्हा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या. एक 'शमा' प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. तेल्याने आठवड्यातला एक दिवस कमाई सोडायची, आणि का सोडायची ते धड सांगताही येत नाही!

सणांची नावंही त्यांना आठवत नव्हती, ती त्यांनी आपल्या कोकणी मराठीत नव्याने ठेवली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पुऱ्या केलेल्या, पण १९३७ साली छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही नावं नोंदवली आहेत. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो सोडायचा केळीच्या पानावर वालाचं बिरडं खाऊन. एलूल महिन्याच्या उपासांना तर चक्क रमजान म्हणत. शेजारच्या मुसलमानांचा शब्द, उचलला आणि आपलासा केला.

आणि वल्हांडण म्हणजे अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं. वल्हांडणात आंबवलेलं काही खायचं नाही ही मूळ आज्ञा. मिसरहून घाईने निघालेल्यांची कणीक फुगली नव्हती, त्याची ही आठवण. कोकणात मिसर विसरलं, मोशे अंधूक झाला, गोष्ट पुसली गेली. मडकं झाकायचं तेवढं राहिलं. कुणा बाईने आपल्या सुनेला सांगितलं असेल, या दिवसांत याला हात लावू नकोस. सुनेने विचारलं असेल, का? "आपल्यात नाही लावत." बस्स. शेकडो वर्षं एवढ्या उत्तरावर एक आज्ञा चालत आली.

योम किप्पूर म्हणजे दारफळणी. अंघोळ करायची, पांढरं नेसायचं, दारं बंद करून घरात उपाशी बसायचं, परक्याशी बोलायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठींचा.

हनुक्का हा दिव्यांचा सण त्यांना माहीत नव्हता, त्यावरून ते हनुक्काच्या आधी, म्हणजे इ. स. पूर्व १६५ च्या अगोदर निघाले असावेत, असा तर्क काही जण करतात. मला तो कच्चा वाटतो. जे विसरलं त्यावरून वय काढायचं तर बरंच काही विसरलं होतं.

पण तारखा कशा कळायच्या? ना ग्रंथ, ना गणित, ना जेरुसलेमची वार्ता. याचं उत्तर म्हणून माझा एक तर्क आहे, अभ्यासकाचा नाही, सरळ माझा. चंद्र सगळ्या गावाला दिसत होता आणि महिने गावाचेच होते. आश्विनाची कोर दिसली की नव्याचा सण, दसऱ्याच्या दशमीला दारफळणी, होळीच्या पौर्णिमेला पुरीम. गावच्या भटजीच्या पंचांगावर त्यांनी आपले सण बसवले असणार. म्हणजे अधिक महिन्यांचा मेळ न बसणाऱ्या वर्षी ते जेरुसलेमपासून एक पूर्ण महिना दूर उपास करत असतील. ते 'चुकले' होते का? अकीवाने यहोशुआला जे सांगितलं ते मला इथे आठवतं. एखादा रब्बी मला लगेच अडवेल की तिथे न्यायसभा होती, कोकणात कुठे होती? बरोबर आहे. पण सगळ्या गावांतल्या सगळ्या शनवार तेल्यांनी एकाच दिवशी दारं लावली, ही एक प्रकारची सभाच नव्हे का?

पुढे कोचीनच्या ज्यूंकडून, मग मिशनऱ्यांकडून त्यांना आपल्या धर्माची पुस्तकं पुन्हा मिळाली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. त्याला लोक आजही जुनी मशीद म्हणतात. जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी, हगादा, मराठीसह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बायका साड्या नेसून बिनआंबवणाच्या भाकऱ्या करताहेत. झाकलेल्या मडक्याचं कारण अखेर कळलं. वाचणाऱ्याला त्या वर्षी काय वाटलं असेल!

एवढं करून हे लोक इस्रायलला आले आणि १९६२ साली इथल्या धर्मखात्याने हुकूम काढला, की बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी करावी. समाज रस्त्यावर आला, सत्याग्रह झाला, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचं जाहीर केलं. आजींना मी याबद्दल विचारलं. त्या बराच वेळ वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "कागद मागत होते रे. कागद समुद्रात गेले ना. माझी आजी शनिवारी चूल पेटवायची नाही, हे कुठच्या कागदावर लिहून आणणार?"

या देशात पंचांगाला दुसरीही एक बाजू आहे, ती न सांगणं खोटेपणाचं होईल. सगळा देश अमुक दिवशी थांबतो हे शत्रूलाही माहीत असतं. १९७३ सालचं युद्ध योम किप्पूरच्या दुपारी सुरू झालं. ७ ऑक्टोबर २०२३ चा शनिवार हा सुक्कोत संपतानाच्या सिमखात तोरा सणाचा होता. तेव्हापासून आजी त्या दिवसाची इंग्रजी तारीख उच्चारत नाहीत, 'सणाच्या दिवशी' एवढंच म्हणतात.

२०२५ साली योम किप्पूर आणि दसरा पुन्हा एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला. सकाळी आईचा फोन आला, आपटा मिळाला का म्हणून. वाळवंटात कुठला आपटा! संध्याकाळी गच्चीवर गेलो. आजींना आता जिने चढवत नाहीत, म्हणून चांदण्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. एक दिसली, दुसरी विमानासारखी वाटत होती पण हलत नव्हती, तिसरी टाकीच्या मागे. खाली येऊन सांगितलं. आजींनी पाण्याचा घोट घेतला आणि बशी पुढे सरकवली.

"सोनं नाही आणलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजी, तुम्हाला चालतं?

"आमच्या गावात शेजारी आणून द्यायचे. दाराच्या फटीतून आत सरकवायचे, त्या दिवशी आम्ही दार उघडत नाही ते त्यांना ठाऊक होतं." मग त्या उठून स्वयंपाकघराकडे वळल्या. "उद्या जेवायला इकडेच ये. उद्या शिळा सण."